खिडकीजवळची खुर्ची

काकांनी तोच विनोद केला. अकरा वर्षांनी, शब्दाला शब्द तोच. आणि मी हसले.

मोठ्यानं नाही. ओठाचा एक कोपरा वर जातो, नाकातून थोडी हवा बाहेर पडते, एवढंच. वरिष्ठांच्या विनोदाला बायका हसतात तसं. त्यात मनाचा काही संबंध नसतो; डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, त्यातलाच प्रकार. पण नव्या बाईनं मान वळवली आणि काकांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात ब्रश होता. तो तसाच हवेत राहिला आणि टोकाचा रंग टेबलावर टपकला.

आमच्या कारखान्यात कृत्रिम हात तयार होतात. पायही होतात, पण ते खालच्या मजल्यावर. पायाच्या रंगाबद्दल कोणी फारसं बोलत नाही, चालला म्हणजे झालं. हाताचं तसं नसतं. माणूस हात टेबलावर ठेवतो, दुसऱ्या हाताच्या शेजारी, आणि समोरचा दोन्हीकडे बघतो. म्हणून सिलिकॉनचा हात गिऱ्हाइकाच्या खऱ्या हाताशी जुळवावा लागतो, नखातल्या पांढऱ्या चंद्रापासून मनगटावरच्या शिरांपर्यंत. हे काम रंगाच्या खोलीतल्या आम्हा बायकांचं. बायकांचं, कारण काका म्हणतात की हे हलक्या हाताचं काम आहे. जड हाताचं काम म्हणजे पट्टे बसवणं, पांढरा कोट घालून गिऱ्हाइकाशी बोलणं आणि बढती घेणं. ते पुरुष करतात.

काका म्हणजे आमचे फोरमन. सगळा कारखाना त्यांना काका म्हणतो, मालकसुद्धा. माणूस वाईट नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की धुवून धुवून कपड्याचा रंग उडतो तसा त्याचा रंग उडालाय.

रंगाच्या खोलीत चार टेबलं आणि एकच खिडकी. खिडकीपाशी मी बसते. बाकीच्या तिघींच्या डोक्यावर ट्यूबलाइट. आता ट्यूबलाइटची गंमत अशी की तिच्याखाली अगदी बेमालूम जुळलेला रंग बाहेर उन्हात गेला की दगा देतो. आत माणसाचा हात, बाहेर मेणाचा. हे आमच्या खोलीतल्या मांजरालाही ठाऊक असेल. म्हणून शेवटची जुळवणी दिवसाच्या उजेडातच करायची असते.

नव्या बाईनं तेच मागितलं होतं. तिला येऊन अडीच महिने झाले होते. परदेशातून आलेली, पस्तिशीची, रंगानं काळी, सात वर्षांच्या मुलीची आई. आपली भाषा बोलते, पण शब्द जरा जपून ठेवते, काचेची भांडी मांडावी तसे. तिच्याकडे एका शाळेतल्या खेळाच्या बाईंचा हात होता.

"काका, ह्या बाई दिवसभर मैदानावर असतात. मला अर्धा तास खिडकीशी बसू द्याल? इथं पिवळा किती पडतोय ते कळत नाही."

काका दारात उभे राहून चहा पीत होते. म्हणाले, "तुला खिडकीत बसवलं तर भरदिवसा दिवे लावावे लागतील."

आणि मी हसले.

त्या दिवशी मी ब्रश काढायला माझा खालचा ड्रॉवर उघडला, तर तो हात उताणा पडला होता.

*

तो हात माझाच आहे. डावा. अंगठ्यापाशी इस्त्रीनं भाजल्याची तिरपी खूण, करंगळीचं नख जरा वाकडं, मधल्या बोटावर अंगठीनं पाडलेला खळगा. अकरा वर्षांपूर्वी आमच्या खोलीत एक रंगारीण होती, तिनं केलेला. सरावासाठी हात हवा म्हणाली, मी दिला. माझा हात ओल्या प्लास्टरमध्ये धरून आम्ही दोघी वीस मिनिटं बसलो होतो आणि हसून हसून साचा बिघडेल म्हणून तिनं मला नवऱ्याची आठवण काढायला लावली होती. "नवऱ्याची आठवण काढली की बाई आपोआप गंभीर होते," म्हणाली.

ती माझ्याच टेबलाच्या मागं बसायची, भिंतीला तोंड करून. रंगानं काळी, बाहेरून आलेली, आणि हातात अशी जादू की तिनं केलेल्या नखाखाली मळ असेल असं वाटून गिऱ्हाईक ते घासून बघायचे. मी हे काम शिकायला कुठल्या शाळेत गेले नव्हते. शिवणकाम करायचे, तिथून इथं आले, आणि पहिले दोन हात पार वाया घालवले. आम्ही साचा आतून रंगवतो. म्हणजे जे सगळ्यात वर दिसायचं ते सगळ्यात आधी: तीळ, डाग, नखं. मग शिरा. कातडीचा मूळ रंग अगदी शेवटी. मला हे उलटं गणित जमेचना. तिनं जमवून दिलं. म्हणायची, "अगं, प्रत्येक कातडीच्या खाली थोडा निळा असतो. तो आधी शोध. गोरं-काळं मग बघू."

शेडकार्डावर तेव्हा नऊच रंग होते. एक म्हणजे सगळ्यात गोरा, नऊ म्हणजे सगळ्यात काळा. नवाच्या पुढची माणसं शेडकार्ड करणाऱ्याला भेटली नसावीत. काका तिला नऊ नंबर म्हणायचे. "नऊ नंबर, चहा झाला का? नऊ नंबर, जरा हस की, नाहीतर दिसायची नाहीस." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा खोलीत सगळ्या हसल्या, ती पण. दुसऱ्यांदा ती हसली नाही. पुढं कितव्यांदा काय झालं ते कोणी बघितलं नाही, तो तिचा नंबरच झाला. ती गप्प राहून दहा, अकरा, बारा अशा तीन नव्या शेड मिसळत बसली. त्या आजही वापरतो आम्ही. डब्यांवर चिठ्ठी आहे: काकांच्या शेड.

तिच्या हाताखाली शिकलेले दोन पुरुष वर्षभरात फिटर झाले. तिनं त्याच जागेसाठी अर्ज केला तेव्हा काका म्हणाले, गिऱ्हाइकाचा हात धरायचा असतो, लोकांना चालायला हवं. मी त्याच टेबलावर सिलिकॉन ढवळत होते. ढवळत राहिले.

खिडकी मला का मिळाली, तेही सांगून टाकते. मी चांगलं काम करते म्हणून नाही, तेव्हा तर मुळीच नाही. खिडकी रस्त्यावर उघडते आणि खाली बाकावर गिऱ्हाईक बसलेले असतात. काका म्हणाले होते, "दर्शनी जागा आहे, तिथं जरा बरं दिसलं पाहिजे." मी तेव्हा अडतीस वर्षांची, गोरी, नाकीडोळी ठीक. दुकानाच्या काचेत बाहुली ठेवतात तशी मला ठेवली. मला ते कळलं. आवडलंही. चांगल्या उजेडात माझे हात चांगले निघायला लागले, चांगले निघाले म्हणून नाव झालं, आणि नाव झाल्यावर मला वाटायला लागलं की खिडकी माझ्या नावामुळे आहे.

*

नव्या बाईचा हात पाच दिवसांत परत आला. खेळाच्या बाई स्वतः घेऊन आल्या, ओढणीत गुंडाळून. मैदानावर मुलं विचारतात म्हणाल्या, बाई तुमचा हा हात आजारी आहे का. उन्हात तो खरंच तसा दिसत होता, पिवळट राखाडी, आजारपणातून न उठलेल्या माणसाचा.

ऑफिसातून चिठ्ठी आली. शुक्रवारी मॅनेजरबाईंसमोर चौकशी. शुक्रवारीच नव्या बाईचे तीन महिने संपत होते. तिला कायम करायचं की काढायचं, ते त्याच दिवशी. आणि काढलं तर नुसती नोकरी जायची नव्हती. तिचा इथं राहण्याचा परवाना ह्या नोकरीवर होता. महिन्याच्या आत मुलीला शाळेतून काढून सामान बांधावं लागलं असतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत खोलीत आम्ही दोघीच होतो. तिनं डबा उघडला, बंद केला.

"ताई, उद्या तुम्हाला विचारतील."

"काय विचारतील?"

"मी खिडकी मागितली होती का, ते. काकांनी लिहून दिलंय की मी कधीच मागितली नाही. म्हणून निष्काळजीपणा."

मी भाजीच्या डब्यात बघत म्हटलं, "आमच्या लक्षात राहत नाही गं एवढं. कामात असतो."

"तुम्ही हसलात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी रागावले नाहीये. पण हसण्याआधी ऐकावं लागतं."

ती हात धुवायला गेली. मी ड्रॉवर उघडला. हात उताणा होता, बोटं थोडी आत वळलेली, काहीतरी मागत असल्यासारखी. आदल्या दिवशी मी तो पालथा करून, कापडात गुंडाळून ठेवला होता. ड्रॉवरची पट्टी सैल आहे, उघडताना हिसका बसतो, हे मला माहीत आहे. दर वेळी मी स्वतःला हेच सांगते. हिसक्यानं वस्तू फिरते, कापड सुटतं. सिलिकॉन घसरतं.

पण मला त्या हाताची भीती वाटते ती फिरण्याची नाही. तो म्हातारा होत नाही. माझ्या हातावर आता डाग आलेत, शिरा वर आल्यात, भाजल्याची खूण पुसट झाली. त्याची खूण अजून ताजी, गुलाबी आहे. तो तिथं अडतीस वर्षांचा होऊन पडलाय, त्याच महिन्यात, त्याच दुपारी. गेला आठवडाभर सकाळी उठले की माझा डावा हात बधिर असतो. डॉक्टर म्हणाले, मानेचं आहे. मानेचंच असणार. इतकी वर्षं खाली घातलेली.

*

ती दुपार अशी होती.

रंगारणीकडे वाहतूक पोलिसाचा हात आला होता. दिवसभर चौकात, उन्हात उभा राहणारा माणूस. तिनं काकांकडे खिडकी मागितली. काकांनी तो विनोद केला, भरदिवसा दिवे लावावे लागतील, आणि मी हसले. हे एवढंच असतं तर एक वेळ झोप लागली असती. पण काका गेल्यावर ती माझ्याकडे आली. ह्याआधीही जेवणाच्या सुट्टीत मी तिला गुपचूप माझी खुर्ची द्यायचे. त्या दिवशी म्हणाली, "दहा मिनिटं दे. नुसता बघते, हात लावत नाही कशाला."

मी म्हटलं, "आज नको. काका आहेत."

तेव्हा माझ्या नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. काकांनी मला सलग सहा आठवडे सुट्टी दिली होती, माझी जागा कोणाला दिली नव्हती, हॉस्पिटलात फळं घेऊन आले होते. मी त्यांच्या उपकाराखाली होते. हे कारण खरं आहे. ते मी इतकी वर्षं जपून ठेवलंय, आणि ते अजून खरंच आहे, हीच त्याची अडचण.

पोलिसाचा हात परत आला. चौकात लोक गाड्या थांबवून त्याचा हात बघत होते म्हणे. चौकशी झाली. तेव्हाचे मॅनेजर घाईत होते. काकांनी मला बाहेर व्हरांड्यात कागद दिला आणि प्रेमानं समजावलं, "नाही मागितली असं लिहू नका ताई, ते खोटं होईल. आठवत नाही असं लिहा. त्यात खोटं काही नाही. माणसाला आठवत नसतं."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

ती संध्याकाळी ब्रश धुवून, पुसून, उंचीप्रमाणे लावून गेली. तिला काढलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तो हात होता, पालथा, माझ्या खुर्चीकडे बोटं करून.

तिला मी पुढं एकदाच पाहिलं. तीन वर्षांनी, एका मोठ्या दुकानात, मांस कापून देण्याच्या काउंटरमागं. हातात पातळ प्लास्टिकचे मोजे होते, निळसर, त्यांतून बोटं धूसर दिसत होती. माझ्या पुढं दोनच माणसं होती. मी रांगेतून बाहेर पडले आणि नवऱ्याला सांगितलं, आज ताजं नव्हतं.

*

गुरुवारी घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. आता ठणठणीत आहे. पोटाचं ऑपरेशन झालं होतं हे फक्त आवडीची भाजी नसली की आठवतं.

"मग बोल ना उद्या," म्हणाला.

"बोलले तर काका अडचणीत येतील."

"काका पाच महिन्यांनी निवृत्त होतायत. त्यांना काय फरक पडतो?"

"त्यांनी तुझ्यासाठी सुट्टी दिली होती."

त्यानं चष्मा काढला. "म्हणजे हे माझ्या पोटावर आलं का?"

मला हसू आलं, खरं. मग चष्म्याची काच पुसत तो म्हणाला, "ती जी आधीची होती, ती मला बघायला आली होती हॉस्पिटलात. तू घरी अंघोळीला गेली होतीस. माझ्या उशाशी बसून तिनं माझी नखं कापली. म्हणाली, रुग्णाची नखं कोणी बघत नाही."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तिचं नाव काढलं की तू उठून ओटा पुसायला लागायचीस," तो म्हणाला.

मी उठलेच होते. हातात फडकं होतं. परत बसले.

*

मॅनेजरबाईंच्या खोलीत मोठं टेबल, मधोमध खेळाच्या बाईंचा तो पिवळा हात. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला नवी बाई. मी आत गेले तेव्हा काका उठून मला खुर्ची सरकवून द्यायला आले. ते नेहमी देतात.

"ताईंची मान दुखतेय सध्या," त्यांनी मॅनेजरबाईंना सांगितलं. "लवकर मोकळं करा त्यांना."

मॅनेजरबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, चष्म्याची दांडी चावायची सवय. त्यांनी सरळ विचारलं, "ह्यांनी हा हात करताना खिडकीची जागा मागितली होती का?"

माझ्या जिभेवर ते दोन शब्द आयते होते. आठवत नाही. ते वर्षानुवर्षं तिथंच होते, तोंडात विरघळत ठेवलेल्या गोळीसारखे, पण विरघळलेले नव्हते.

"मागितली," मी म्हटलं.

"काका काय म्हणाले?"

मी सांगितलं. तो विनोद मी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं उच्चारला. खोलीत कोणी हसलं नाही. नुसत्या आवाजात, बिनहसण्याचा, तो विनोद केवढा लहान होता.

"अहो, गंमत हो," काका म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "घरच्यासारखं वातावरण आहे आमचं. ताई तर हसल्या की."

"हसले," मी म्हटलं.

मॅनेजरबाईंनी एक जुनी फाइल पुढं ओढली. मला तिचा पुठ्ठा बघूनच कळलं. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. माझं चांगलं अक्षर.

"रंगाच्या खोलीतली अशीच तक्रार, अकरा वर्षांपूर्वीची. त्या बाईही म्हणत होत्या की खिडकी मागितली आणि हेच उत्तर मिळालं. तुम्ही साक्ष दिलीय की आठवत नाही." त्यांनी दांडी चावली. "म्हणजे तुमच्या समोर घडलेलं तेव्हा महिन्याभरातही आठवत नव्हतं, आणि आता एकदम शब्द न् शब्द आठवतोय. मी कशावर विश्वास ठेवू?"

काका खाली बघत होते. नवी बाई त्या पिवळ्या हाताकडे. तिचे ओठ पांढरे पडले होते. काळ्या माणसाचे ओठ पांढरे पडतात ते कसे, हे मला रंगारणीनं शिकवलं होतं. आत थोडा जांभळा, वर राख. मला दिसलं की मी हो म्हणूनही भागत नाहीये. माझ्या जुन्या सहीनं माझं आजचं हो खाऊन टाकलं होतं, आणि त्याच्यासोबत ही बाई, तिची मुलगी, तिची शाळा.

"तेव्हाही आठवत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"मला तेव्हाही सगळं आठवत होतं. कागदावर आहे ते खोटं आहे."

"तुम्हाला असं लिहायला कोणी सांगितलं?"

"सांगितलं काकांनी. लिहिलं मी."

काकांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई," म्हणाले, "तुमच्या घरी मी फळं घेऊन आलो होतो."

"हॉस्पिटलात," मी म्हटलं. "हो. आला होतात."

मॅनेजरबाईंनी पेन उचललं. "अकरा वर्षं का बोलला नाहीत?"

मी उत्तरं शोधली. नवरा, ऑपरेशन, उपकार, भीती. सगळी हाताशी होती, रंगाच्या डब्यांसारखी ओळीनं.

"खुर्ची चांगली होती," मी म्हटलं.

*

नव्या बाईला काढलं नाही. तीन महिने आणखी बघू असं ठरलं, आणि खिडकी पाळीपाळीनं वापरायची असा लेखी नियम निघाला, तो दाराला चिकटवलाय. काकांना पाच महिने काढू दिले. निरोप समारंभाची वर्गणी सुरू आहे. मला खोटी साक्ष दिल्याबद्दल ताकीद मिळाली. ती बरोबरच आहे. आता मी खोलीत गेले की बायका गप्प होतात. काका आले की म्हणतात, "जपून हं, ताई बसल्यात," आणि सगळ्या नाकातून थोडी हवा सोडतात. मला तो आवाज ओळखीचा आहे.

शनिवारी मी त्या मोठ्या दुकानात गेले. मांसाच्या काउंटरमागं दोन पुरुष होते. मी तिचं नाव सांगितलं, आडनावासकट. इतक्या वर्षांत मोठ्यानं पहिल्यांदाच. त्यातल्या थोराड माणसानं डोकं खाजवलं. "अशी कोणी इथं नाही," म्हणाला. मग मागची रांग बघून, "तुम्हाला काय देऊ?" मी काहीतरी घेतलं. घरी येऊन बघितलं तर काय घेतलं तेही धड कळेना.

सोमवारी नव्या बाईची खिडकीची पाळी होती. मी माझं सामान तिच्या टेबलावर हलवलं, भिंतीला तोंड करून, ट्यूबलाइटखाली. ब्रशांचा डबा राहिला म्हणून तिनं माझा खालचा ड्रॉवर उघडला. मी काही म्हणेपर्यंत कापड सुटलं होतं.

"हा कोणाचा?"

"माझा."

तिनं तो खिडकीशी धरला, मनगटापासून नखापर्यंत फिरवून पाहिला. कारागीर कारागिराचं काम बघतो तसं, श्वास रोखून. नखाखाली बघितलं. भाजल्याच्या खुणेवरून अंगठा फिरवला.

"केला कोणी?"

मी नाव सांगितलं. आता दुसऱ्यांदा होतं, तरी जीभ अडखळली.

"दहा, अकरा, बारा तिच्याच का?" तिनं डब्यांकडे न बघता विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"काकांना निळा दिसत नाही," ती म्हणाली.

मग तिनं माझ्याकडे हात पुढं केला. मी उठून गेले आणि माझा डावा हात खिडकीच्या उजेडात, त्या हाताशेजारी ठेवला. ती बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. आभार नको होते मला. खरं सांगते, हवे होते. खाली बाकावर बसलेला एक म्हातारा वर खिडकीकडे बघत होता, आम्हा दोघींकडे आणि तीन हातांकडे.

"आता जुळत नाही," ती म्हणाली.

तिनं तो कापडात गुंडाळला, ड्रॉवरमध्ये पालथा ठेवला, पाळी तिची होती म्हणून माझ्या खुर्चीत बसली आणि कामाला लागली. मी भिंतीकडे तोंड करून बसले. दुपारी कधीतरी मागं ड्रॉवर सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. तो आता कोणत्या बाजूनं पडलाय, ते बघायची पाळी माझी नव्हती, आणि तरी माझा डावा हात टेबलावर आपोआप उताणा झाला होता.